पुलावरचा लाल बावटा

मुलगा हवाई दलात भरती झाला आणि गणवेश घालून घरी दाखवायला आला, तेव्हा वडिलांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला.

"वर सिग्नल असतात का रे?"

"नसतात, बाबा."

"मग कठीण आहे," असं म्हणून ते चहाकडे वळले.

म्हातारबुवांनी उभी हयात रेल्वेचं इंजिन चालवण्यात घालवली होती. ज्याला रूळ नाही ते वाहन नव्हे, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि निवृत्तीनंतर माणसाच्या समजुती आणखी पक्क्या होतात. त्यांच्या नोकरीतली एक हकीकत घरात इतक्यांदा सांगून झाली होती की सूनबाईसुद्धा ती स्वल्पविरामासकट म्हणून दाखवायची. एकदा गावाच्या वेशीवर सिग्नल लाल होता. गावात त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती, ते त्यांना ठाऊक होतं. समोर लाइन मोकळी दिसत होती. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन म्हणाला, "चला ना." त्यांनी त्याला खाली उतरवून सिग्नलच्या केबिनमध्ये विचारायला पाठवलं आणि आपण जागचे हलले नाहीत. गाडी आत आली तोवर आई गेली होती. नातेवाइकांनी तोंडाला येईल ते सुनावलं. लाइन तर मोकळी होती, म्हणाले. हे म्हणाले, "मोकळी दिसत होती."

अशा बापाच्या पोटी वैमानिक जन्माला येतो, याला काय म्हणावं? पण पोराचं बरं चाललं होतं. तो स्क्वाड्रनचा प्रमुख झाला. तिथे त्याला पाठीमागे 'फायरमन' म्हणत. ड्रायव्हरचा मुलगा म्हणून फायरमन, फार डोकं चालवलेलं नव्हतं. त्याला ते कळलं होतं आणि त्याचा रागही नव्हता. तो रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढला होता. तिथल्या पोरांना धड चालता यायच्या आत लाल आणि हिरवा कळायचा. खेळता खेळता कुणाच्या आईनं लाल टॉवेल झटकला तरी सगळी टोळी आहे तिथे थबकायची, आणि मग आपणच आपल्याला हसायची.

लढाई सुरू झाली तेव्हा पलीकडच्या बाजूचा सगळा दारूगोळा एका नदीवरच्या रेल्वेपुलावरून येत होता. तो पूल पाडायचा दोनदा प्रयत्न झाला होता आणि दोन्ही वेळा बॉम्ब नदीत पडून मासे मेले होते. मोठ्या साहेबांच्या खोलीत टेबलावर नकाशा पसरला होता. त्याचे कोपरे उडू नयेत म्हणून एकावर ॲशट्रे, एकावर टेलिफोन आणि उरलेल्या दोहोंवर चहाचे कप होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर फायरमननं नदीवरून बोट उचललं आणि रुळांवर ठेवलं.

"आपण आडवे जातो, साहेब. आडवं गेलं की पूल बोटभर रुंद. उभं जायचं. इथून टेकड्यांमधून लाइन खोदून नेली आहे, तिच्यातून खाली खाली, रूळ धरून. बाहेर पडलो की पूल समोर. लांबच्या लांब."

"एवढ्या खालून?"

"गाडी जाते त्याच्या थोडं वरून."

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. "बापाचं रक्त बोलतंय," ते म्हणाले, आणि बेत मंजूर झाला.

चार विमानं, एकामागे एक. रेडिओ बंद. त्या स्क्वाड्रनची अशा कामाची एक रीत होती, आणि ती सगळ्यांच्या अंगात भिनलेली होती: पुढच्याचा बॉम्ब हाच हुकूम. त्यानं टाकला की मागच्यांनी टाकायचा. त्यानं नाही टाकला तर कुणीही टाकायचा नाही, निमूट त्याच्या मागे जायचं, आणि का म्हणून विचारायचं ते जमिनीवर उतरल्यावर. दर माणूस आपली अक्कल चालवायला लागला तर आकाशात भाजीबाजार होईल, असं यामागचं शहाणपण होतं.

पुढे अर्थातच फायरमन. सगळ्यात मागे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला स्क्वाड्रनमध्ये 'शेपूट' म्हणत, कारण तो नेहमी शेवटी असायचा. शेवटच्या माणसाचं काम अवघड. पुढच्यांनी काय केलं ते बघायचं, राहिलं असेल ते निस्तरायचं, आणि येऊन खरं सांगायचं. त्याला डोकं थंड असलेला माणूस लागतो. पण ही गोष्ट त्याच्या बहिणीला सांगून काय उपयोग? निघायच्या आदल्या रात्री ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"त्याला शेवटी का ठेवता?"

"कारण तो चांगला आहे."

"मला त्याचं कौतुक नकोय. मला भाऊ हवाय."

"अगं, नीट ऐक. पुलाच्या राखणीच्या तोफा झोपलेल्या असतात. आवाज ऐकून त्या जाग्या होईपर्यंत आम्ही चौघेही पार झालेलो असतो. पहिला काय आणि शेवटचा काय. एकदाच जायचं. पुन्हा वळून यायचं नाही. परत वळलं तर मात्र शेवटच्याची धडगत नसते, हे मलाही कळतं."

"मग वळू नका."

"कशाला वळेन?"

"शब्द द्या."

त्यानं शब्द दिला. द्यायला काही अवघड नव्हता. वळायचं काही कारणच नव्हतं.

सकाळी उजाडल्यावर ते निघाले. बेत इतका तंतोतंत जमत गेला की फायरमनला जरा संशयच आला. टेकड्यांमधली खोदलेली लाइन लागली, दोन्ही बाजूंनी दगडी भिंती मागे पळू लागल्या, आणि खाली रूळ असे चकाकत होते की डोळे मिटूनही चूक झाली नसती. मग भिंती संपल्या. समोर पूल होता, अगदी सरळ, जसा नकाशात होता तसा. तोफांच्या ओट्यावर कुणीतरी अंगातला सदरा काढून तोंड धूत होतं. पुलाच्या अलीकडच्या टोकाला केबिन होती. केबिनच्या बाहेर, बरोबर दोन रुळांच्या मध्ये, एक माणूस उभा होता. त्यानं हात आडवा केला होता आणि हातात लाल बावटा होता.

फायरमनचा अंगठा बटणावर होता. तो तिथेच राहिला.

त्यानं काही विचार केला असं नाही. विचार करायला वेळच नव्हता. लाल दिसलं आणि हात थांबला, बस. पूल खालून निघून गेला, नदी निघून गेली, आणि पलीकडचा किनारा आल्यावर त्याला कळलं की आपण बॉम्ब टाकलेलाच नाही. मागचे तिघे रीतीप्रमाणे न टाकता निमूट मागे आले होते.

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. तसंच घरी जायचं, म्हणजे पूल उभा, आणि उद्या त्याच्यावरून दारूगोळा येणार. किंवा वळायचं. त्यानं बायकोला दिलेला शब्द त्या क्षणी त्याला आठवला होता, हे त्यानं पुढे कधी नाकारलं नाही. तो वळला. लांबून वळसा घेऊन पुन्हा त्याच खिंडीत शिरला. कारण दुसऱ्या कुठल्याही वाटेनं पूल पुन्हा बोटभरच रुंद झाला असता.

या वेळी तोफा जाग्या होत्या. खिंडीतून बाहेर पडताच समोर धुराचे गोळे फुटू लागले. पूल होता. केबिन होती. आणि तो माणूसही होता, त्याच जागी, तसाच हात आडवा करून. फायरमननं त्याला स्वच्छ पाहिलं. डोक्यावर टोपी होती, एका पायाची विजार गुडघ्यापर्यंत वर गुंडाळलेली होती. या वेळी त्यानं अंगठा दाबला.

पूल पडला. मधल्या दोन कमानी नदीत गेल्या. शेपटानं आपला बॉम्बही चोख टाकला, आणि मग त्याच्या विमानातून धूर निघू लागला. तिसऱ्या विमानाच्या वैमानिकानं त्याला वर चढताना पाहिलं, ढगात शिरताना पाहिलं, आणि नंतर पाहिलं नाही. पॅराशूटची छत्री उघडली की नाही, कुणाला ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, "पहिल्या फेरीत का नाही टाकलास?"

"लाल बावटा होता, साहेब."

साहेब आधी हसले. मग तो हसत नाही हे पाहून त्यांनी दार लावून घेतलं.

"कसला बावटा?"

"पुलाच्या रखवालदारानं दाखवला. माझा हात थांबला."

"हे बघ," साहेब हळू आवाजात म्हणाले, "पहिली फेरी तू निशाणा पक्का करायला घेतलीस. दुसरी फेरी तोफांच्या तोंडात शिरून घेतलीस. अशी हिंमत मी उभ्या जन्मात पाहिली नाही. कळलं?"

"पण तसं नाही झालं."

"तसंच झालं. पूल पडलाय ना? मग जा, झोप."

आणि तसंच झालं. वर्तमानपत्रांत तसंच छापून आलं, रेडिओवर तसंच सांगितलं, आणि पुढे यथावकाश पदक मिळालं तेही त्याच दुसऱ्या फेरीसाठी. फायरमननं खरी गोष्ट विचारेल त्याला सांगितली. पण शूर माणूस असं बोलायला लागला की लोक त्याला विनय म्हणतात. एकाही माणसानं त्याचं ऐकलं नाही. ऐकलं ते फक्त घरात.

बायकोनं पूर्ण ऐकून घेतलं. "एका फडक्यासाठी वळलात?" ती म्हणाली. "माझा भाऊ एका फडक्यासाठी?"

त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. भांडण नाही, आदळआपट नाही. काही सांगायचं झालं की सासऱ्यांमार्फत. "बाबा, पान वाढलंय म्हणावं." "बाबा, विचारा, आज उशीर होणार आहे का." नवरा समोर हातभर अंतरावर बसलेला असायचा. म्हातारबुवा मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे वळवून निरोप पोचवत, आणि उत्तरही घेऊन जात.

म्हातारबुवांचं मात्र भलतंच झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मुलाच्या नोकरीत राम दिसला. सकाळी फिरायला गेले की जो भेटेल त्याला सांगत, "पदकबिदक सोडा हो. लालला थांबला! एवढ्या वेगात, वर आभाळात, कुणी बघणारा नाही, विचारणारा नाही, आणि थांबला. याला म्हणतात वळण." कुणी म्हणालं की अहो, पण लढाईत असं कसं चालेल, तर ते पुलावरच्या माणसाची बाजू घेत. "त्याला काय ठाऊक विमान आहे की काय आहे? त्याच्या लाइनवर न विचारता काहीतरी धडधडत येतंय. बावटा दाखवायचा, ही त्याची ड्यूटी. त्यानं त्याची केली, यानं याची केली."

मुलगा हे ऐकून घ्यायचा. म्हातारबुवांची कल्पना अशी होती की पहिल्या फेरीनंतर तो माणूस बाजूला झाला असणार, लाइन मोकळी झाली असणार, आणि मगच मुलगा पुढे गेला असणार. रेल्वेत तसंच होतं. मुलानं ती कल्पना दुरुस्त केली नाही. त्याला स्वतःलाही काहीतरी धरून राहायचं होतंच. घरात एक माणूस म्हणत होतं की तू थांबलास म्हणून सगळं बुडालं, आणि एक म्हणत होतं की तू थांबलास हेच काय ते चांगलं केलंस. त्याला दुसरं खरं वाटायला हवं होतं. निदान मी त्या माणसाला पळायला वेळ तरी दिला, असं तो स्वतःला सांगायचा. चांगला भरपूर वेळ. तो का पळाला नाही, एवढंच काही त्याला कळत नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय त्याला चैन पडेना.

काही आठवड्यांनी बातमी आली की मेहुणा जिवंत आहे, कैदेत आहे, पाय मोडलाय. बायको त्या दिवशी देवळातल्या घंटेसारखी घरभर वाजत होती, सगळ्यांशी बोलत होती. नवऱ्याशी नाही.

लढाई संपली, कैद्यांची अदलाबदल झाली, आणि मेहुणा काठी टेकत घरी आला. वाळला होता, पण तोंडाचा पट्टा शाबूत होता. बहिणीनं दारातच त्याला मिठी मारली, रडली, मग इतका बारीक का झालास म्हणून रागावली, आणि मग जेवायला वाढलं. दुपारची वेळ होती. टेबलाभोवती तिघे बसले. ती वाढत होती, तो खात होता आणि बोलत होता. तिथलं इस्पितळ, तिथले डॉक्टर, तिथला पाणचट चहा.

"आणि भाऊजी, गंमत सांगतो. माझ्या शेजारच्या खाटेवर कोण असावं? त्याच पुलावरचा, रूळ दुरुस्त करणारा गँगमन! बरगड्या मोडलेला. आधी माझ्याकडे पाठ करून झोपायचा. पण पडून पडून किती दिवस रागावणार? मग बोलायला लागला. तुमच्या त्या बावटेवाल्याचा दोस्त."

फायरमनचा हात ताटातच थांबला.

"म्हणजे त्या गँगमननंही सगळं पाहिलंच असेल," म्हातारबुवा उत्साहानं म्हणाले. "पहिल्या फेरीला यानं त्याचा बावटा पाळला, ते सांगितलंस की नाही त्याला?"

"पहिल्या काय, बाबा, दोन्ही फेऱ्यांना उभा होता तो," मेहुणा घास चावत म्हणाला. "मीही पाहिला ना. शेवटचा होतो. दुसऱ्या खेपेला भाऊजींचा बॉम्ब पडेपर्यंत बावटा खाली केला नव्हता त्यानं."

म्हातारबुवांनी मुलाकडे पाहिलं.

"दुसऱ्यांदाही लाल होतं?"

"होतं."

"तू पाहिलंस?"

"पाहिलं, बाबा."

"आणि गेलास."

"पुन्हा थांबलो असतो तर तिसऱ्यांदा यावं लागलं असतं. मागे तीन पोरं होती. त्यांच्यात हा होता."

"माझ्याही मागे डब्यांत माणसं असायची," म्हातारबुवा म्हणाले.

बहिणीच्या हातात भाताचा डाव तसाच राहिला. आपण कुठे पाय दिला हे मेहुण्याच्या ध्यानात आलं, पण नेमकं काय चुकलं ते कळेना, म्हणून तो पाणी प्यायला. फायरमन मात्र आता त्याच्याकडेच बघत होता. इतके महिने जे विचारायला माणूस नव्हता, तो माणूस समोर बसला होता.

"तो का पळाला नाही?" त्यानं विचारलं. "त्याला वेळ होता. मी लांबून वळून आलो. तेवढ्यात माणूस नदी उतरून जाईल. बाकीचे गेले ना?"

"गेले की. सगळे खाली नाल्यात उतरले. हा गँगमनही. तिथून त्याला हाका मारत होते."

"मग?"

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं, म्हातारबुवांकडे पाहिलं. "राहू द्या ना, भाऊजी."

"सांग."

"तो खूश होता म्हणे." मेहुणा ताटाकडे बघत बोलू लागला. "आपण पहिल्यांदा काही न टाकता गेलो ना, तर तो वर उभा राहून नाचायचाच बाकी होता. ओरडून सांगत होता खाली, थांबले! माझा बावटा बघितला आणि थांबले! मग पुन्हा आपला आवाज आला. हे सगळे खालून ओरडले, अरे उतर, मरशील. तर हसला, आणि म्हणाला, आत्ता नाही का बघितलंत? थांबतात ते."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि तावदानं थोडी हलली. फायरमननं खुर्ची मागे सरकवली, पण उठला नाही.

"अहो," बायको म्हणाली. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलत होती. "तुम्हाला काय माहीत होतं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. तो वडिलांकडे बघत होता. लहानपणी काही मोडलं की बघायचा, तसा. म्हातारबुवांच्या आवाजात राग नव्हता. कामातली एखादी बाब नवख्याला समजावून सांगावी, तसं ते बोलले.

"एकदा थांबलेला ड्रायव्हर विचारल्याशिवाय पुढे येत नाही. त्या बावटेवाल्याच्या जागी मी असतो, तर मीही उभाच राहिलो असतो."